क्वांटम सेन्सिंगमध्ये पीएचडी करावी का? नुसती हवा तर नाही ना?

विश्रामबागवाला
मंडळी मी सांगलीचा, शिवाजी विद्यापीठात एमएस्सी फिजिक्सचं शेवटचं वर्ष चालू आहे. क्वांटम सेन्सिंगमध्ये (म्हणजे अणूंचे क्वांटम गुण वापरून चुंबकीय क्षेत्रासारख्या गोष्टी बारीक मोजायच्या) रिसर्च करायचं डोक्यात आहे पण घरचे बीएडच्या मागं लागलेत, पप्पांची हळदीची अडत आहे त्यांना सांगितलं हिऱ्यावर काम असतं तर म्हणाले मग सराफकट्ट्यावर बस की. या लाईनमध्ये कुणी असेल तर खरं काय ते सांगा.

कराडकर
हवा क्वांटम कॉम्प्युटरची जास्त आहे, सेन्सिंगचं काम टेबलावर चालू आहे. आमच्याकडं हिराच आहे पण लॅबमध्ये वाढवलेला, त्यात एका कार्बनच्या जागी नायट्रोजन बसलेला आणि शेजारची जागा रिकामी, याला एनव्ही सेंटर म्हणतात. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर मारला की लाल उजेड येतो, मग मायक्रोवेव्हची फ्रिक्वेन्सी हळूहळू फिरवायची, २.८७ गिगाहर्ट्झला तो उजेड जरासा कमी होतो म्हणजे ग्राफमध्ये खड्डा पडतो. चुंबक जवळ नेला की एका खड्ड्याचे दोन होतात न लांब सरकतात, किती सरकले त्यावरून चुंबकीय क्षेत्र मोजायचं. हे सगळं रूम टेंपरेचरला, थंड करायला लिक्विड हेलियमची भानगड नाही.
पण घाई असेल तर येऊ नको. जर्मनीत १९९७ ला पहिल्यांदा एकटं एनव्ही सेंटर पकडलं, त्यावर नॅनोस्केलला क्षेत्र मोजायला २००८ उजाडलं. आणि निम्मा वेळ आरसे अलाइन करण्यात जातो, पेपरात ते कोण लिहीत नाही.

कंदीपेढा_सातारा
पैशाचं बोला की राव, पोरगं ते विचारतंय. बीएड करून तरी कुठं लगेच भरती होतीय, डोनेशन मागतात ते वेगळंच.

कराडकर
नेट परीक्षेतून जेआरएफ म्हणजे रिसर्चची फेलोशिप निघाली तर महिना ३७,००० अधिक एचआरए. केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनला २०२३ मध्ये सहा हजार कोटींच्या वर मंजूर झालेत आणि त्यातलं सेन्सिंगचं हब आयआयटी मुंबईत आहे, म्हणजे लांब पण नाही. पण पीएचडीला पाचसहा वर्षं धर, पुढं पोस्टडॉक म्हणजे पीएचडीनंतरचं तात्पुरतं रिसर्चचं काम, तेही बऱ्याचदा बाहेर, कायमची नोकरी तिशी ओलांडल्यावरच. पप्पांना हे आधीच सांग, नंतर वाद नको.

विश्रामबागवाला
थिअरी बरी आहे माझी, प्रॅक्टिकल जेमतेम. चालेल का?

कराडकर
तिथंच गाडी अडते बघ. पायथन आणि सोल्डरिंग आत्ताच हातात घे, आणि उन्हाळ्यात कुठल्यातरी ऑप्टिक्स लॅबला मेल टाकून प्रोजेक्ट मिळतोय का बघ. अंधाऱ्या खोलीत लेसरपुढं बसून कंटाळा आला तर बीएडचा फॉर्म आहेच.