आर-२ म्हणजे सर्व्हिस पॅकच का?

मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सर्व्हर प्रणालीच्या 'आर-२' (रिलीज २) आवृत्तीबद्दल 'आर-२ म्हणजे नाव बदललेला सर्व्हिस पॅक (दुरुस्त्यांचा एकत्रित संच)' असे म्हटले जाते. हे विधान विंडोज सर्व्हर २००३ आर-२ पुरते बऱ्याच अंशी मान्य करता येईल, कारण त्यात पहिली सीडी सर्व्हिस पॅक १ सह मूळ २००३ चीच होती, जादा घटक दुसऱ्या सीडीवर होते, आणि 'व्हर' ही आवृत्तीचा आकडा दाखवणारी आज्ञा दिल्यावर मूळ २००३ आणि आर-२ या दोन्हींत ५.२.३७९० हाच आकडा दिसे. २००८ आर-२ ला मात्र ते लावता येत नाही. मूळ २००८ चा आकडा ६.०.६००१, तर २००९ साली विंडोज ७ बरोबर आलेल्या आर-२ चा ६.१.७६००, शिवाय ही आवृत्ती केवळ ६४ बिटची होती.

या शेवटच्या मुद्द्याचा फटका मला स्वतःला बसला आहे. आमच्या कार्यालयात ३२ बिटच्या २००८ वर पगारपत्रकाची जुनी डॉस प्रणाली विनातक्रार चालत होती. आर-२ वर जाताना, ३२ बिटवरून ६४ बिटवर थेट अपग्रेड होत नसल्यामुळे सर्व काही नव्याने बसवावे लागले, आणि मग लक्षात आले की ६४ बिटच्या विंडोजवर आमच्या डॉस प्रणालीसारखे १६ बिटचे प्रोग्रॅम मुळी सुरूच होत नाहीत. अखेर त्या एका प्रणालीसाठी हायपर-व्हीमध्ये (सर्व्हरवरच आभासी संगणक चालवण्याची मायक्रोसॉफ्टची सोय) ३२ बिटचा २००३ ठेवावा लागला (महिनाअखेरीस त्याचीच आठवण व्हायची).