‘उमेदवार’ की ‘दावेदार’? प्रायमरीतल्या नेत्यांना मराठीत काय म्हणावं?

पुण्याहून :
जानेवारी २००८मध्ये, अमेरिकेत अध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ठरवण्याची लढत चालू असताना, आयोवा राज्याचा निकाल आला तेव्हा मी एका टिपणात लिहिलं होतं, ‘डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार बराक ओबामा’. न्यू जर्सीतला माझा एक लिहिणारा मित्र हिलरी क्लिंटन यांच्या बाजूचा. तो उखडलाच. ‘उमेदवार कोणी ठरवला? एका राज्यात पहिले आले म्हणून पक्षाने तिकीट हातात दिलं का?’ पुढच्याच आठवड्यात न्यू हॅम्पशायरला हिलरी जिंकल्या, तेव्हा त्याने मला माझंच वाक्य फोनवर वाचून दाखवलं.

ओबामा की हिलरी हा वाद ७ जूनला हिलरींनी माघार घेऊन ओबामांना पाठिंबा दिला तेव्हा संपला. शब्दावरचं भांडण मात्र अजून चालू आहे, आणि त्यात तो बरोबर होता असं मला आता वाटतं.

इंग्रजीत रिंगणात उतरलेला तो ‘कँडिडेट’ आणि पक्षाने अधिवेशनात शिक्कामोर्तब केलेला तो ‘नॉमिनी’. आपण दोघांनाही ‘उमेदवार’ म्हणतो. शब्द फारसी आहे, उमेद धरून असलेला तो उमेदवार. जुन्या काळी कचेरीत नोकरीच्या आशेवर बिनपगारी राबणाऱ्याला उमेदवार म्हणत, ‘मी तिथे दोन वर्षं उमेदवारी केली’ असं आजही ऐकू येतं, आणि कारखान्यांतला ‘शिकाऊ उमेदवार’ तर सरकारी कागदावरच आहे. म्हणजे व्युत्पत्ती बघितली तर ज्याचं अजून काही ठरलेलं नाही तोच खरा उमेदवार! पण निवडणुकीच्या मराठीत शब्द पुढे सरकला. एबी फॉर्म हातात पडला की माणूस पक्षाचा उमेदवार होतो. त्याआधी तो ‘इच्छुक’. दर निवडणुकीला ‘इच्छुकांची भाऊगर्दी’, ‘इच्छुकांच्या मुलाखती’ हे मथळे असतातच.

मग प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायला तिथे राज्याराज्यांत होणाऱ्या निवडणुकीत, उतरलेल्यांना ‘इच्छुक’ का म्हणू नये? शब्द घरचा आहे, रुळलेला आहे.

न्यू जर्सीहून :
तो मित्र मीच. ‘उमेदवार’ सोडलास हे बरं केलंस, पण ‘इच्छुक’ मला अजिबात पटत नाही.

इच्छुक कुठे दिसतो ते आठव. नेत्याच्या बंगल्याबाहेर, हातात फाइल, सोबत गाडीभर कार्यकर्ते. त्याला तिकीट देणारा आत बसलेला असतो. इथे तिकीट देणारा मी आहे. ५ फेब्रुवारी २००८ला मी हिलरींना मत दिलं ते नोव्हेंबरच्या निवडणुकीसारखंच, मतदान केंद्रावर, वहीत सही करून, पडद्याआड यंत्रावर. ओबामा आणि हिलरी दोघंही महिनोन्महिने माझ्यासारख्यांची मतं मागत फिरत होते. श्रेष्ठींची मर्जी सांभाळणारा आणि लाखो लोकांपुढे उभा राहणारा, या दोघांना एकच शब्द लावला तर वाचणाऱ्याला वाटेल की इथेही यादी दिल्लीहून येते.

मी ‘दावेदार’ सुचवतो. ‘उमेदवारीचे दावेदार’.

आणि आणखी एक. वर्तमानपत्रं प्रायमरीला ‘पक्षांतर्गत निवडणूक’ म्हणतात, तेही चुकीचं चित्र उभं करतं. पक्षांतर्गत म्हटलं की तुम्हाला तालुकाध्यक्ष, जिल्हाध्यक्ष आठवतात. न्यू जर्सीत प्रायमरी घेते सरकारी निवडणूक यंत्रणा, सरकारी खर्चाने. मी ‘डेमोक्रॅट’ म्हणून नोंदलेलो आहे म्हणजे पक्षाचा सदस्य नाही. वर्गणी नाही, पावतीपुस्तक नाही. मतदार म्हणून नाव नोंदवताना सरकारी अर्जावर पक्षापुढे खूण केली, एवढंच.

नागपूरहून :
दादा, ‘दावेदार’बद्दल माझी एक शंका आहे. दावा कोर्टात लावतात. दावेदार म्हणजे जमिनीत, वारशात ज्याचा हक्क आहे असा माणूस. उमेदवारी ही कोणाची वडिलोपार्जित इस्टेट नाही, मग दावा कसला? शिवाय ‘दावा साधणे’ म्हणजे वैर काढणे, तीही छटा कानात येते.

मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवते. ‘प्राथमिक निवडणूक’ हा शब्द मी वर्गात वापरून पाहिला आणि सोडून दिला. एका मुलीने विचारलं, ‘मॅडम, म्हणजे लहान गावांची निवडणूक का?’ तिचं काय चुकलं? प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्र, तिच्या जगात प्राथमिक म्हणजे छोटं आणि गावातलं. आता मी सरळ ‘उमेदवारी ठरवणारी निवडणूक’ म्हणते. लांब आहे, पण पुन्हा समजवावं लागत नाही.

काही राज्यांत लोक एकत्र जमून सभेतच उमेदवार निवडतात, त्या ‘कॉकस’ला मात्र ‘चावडी’ म्हणावं असं मला मनापासून वाटतं.

पुण्याहून :
ताई, ‘उमेदवारी ठरवणारी निवडणूक’ मी आजपासून वापरणार. दुसऱ्यांदा उल्लेख आला की नुसतं ‘प्रायमरी’ चालेल.

‘चावडी’ मात्र नको. आयोवातली डेमोक्रॅटिक कॉकस २००८मध्ये कशी झाली ते बघा. जानेवारीची थंडी, शाळेचा व्यायामाचा हॉल, एका कोपऱ्यात ओबामांचे लोक, दुसऱ्यात हिलरींचे, तिसऱ्यात जॉन एडवर्ड्स या तिसऱ्या स्पर्धकाचे. डोकी मोजायची. ज्या कोपऱ्यात पुरेसे लोक नाहीत, बहुतेक ठिकाणी ही मर्यादा १५ टक्के होती, त्यांनी दुसऱ्या कोपऱ्यात जायचं, आणि त्यांना ओढायला शेजारीपाजारी धावायचे. यात ग्रामसभेतल्या हात वर करण्याशी थोडं साम्य आहे. चावडीवर मात्र सारा भरायचा, पंच निवाडा करायचे, तिथे सत्ता बसलेली असायची. ‘कॉकस’ जसाच्या तसा घ्यावा आणि एका वाक्यात समजावून द्यावा.

आता ‘दावेदार’. तुमची शंका रास्त आहे, तरी मी मित्राच्या बाजूला सरकलो आहे. दावा नेहमी सिद्ध करावा लागतो, तोही दुसऱ्यापुढे, आणि तो फेटाळलाही जातो. प्रायमरीत नेमकं हेच होतं. ‘इच्छुक’मध्ये नुसती इच्छा आहे, कसोटी नाही.

पण मित्रा, तुझ्या मुद्द्याला एक जोड देतो. तू म्हणतोस ते चित्र अमेरिकेतही फार जुनं नाही. १९६८ला तेव्हाचे उपाध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री एकाही प्रायमरीत न उतरता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. आत पक्षाचे पुढारी ठरवत होते आणि बाहेर रस्त्यावर पोलीस व्हिएतनाम युद्धाविरुद्ध निदर्शनं करणाऱ्या तरुणांना झोडपत होते. त्या गदारोळानंतर नियम बदलले आणि प्रायमरीला खरं वजन आलं. तेव्हा १९६८च्या हम्फ्रींना मी बेलाशक ‘इच्छुक’ म्हणेन आणि २००८च्या ओबामा-हिलरींना ‘दावेदार’. तिकीट कोणाच्या हातात आहे, त्यावर शब्द ठरावा.

माझं जुनं वाक्य आता असं : ‘डेमोक्रॅटिक उमेदवारीचे दावेदार बराक ओबामा आयोवात पहिले आले.’ चालेल?

न्यू जर्सीहून :
चालेल. सोळा-सतरा वर्षं उशीर झाला, पण चालेल.

आता ‘जिंकले’चं बघ. नेवाडात टक्केवारीत हिलरी पुढे होत्या, ५१ विरुद्ध ४५. पण अधिवेशनाला जाणारे डेलिगेट ओबामांना १३ मिळाले आणि हिलरींना १२. मी ‘हिलरी जिंकल्या’ लिहिलं होतं, तू ‘ओबामा जिंकले’, आणि दोघंही खरं लिहीत होतो. ‘डेलिगेट’ला ‘प्रतिनिधी’ म्हणावं तर प्रतिनिधिगृहाचा सदस्य वाटतो. ताई, तुमच्या वर्गात याला काय म्हणता?

नागपूरहून :
‘अधिवेशन-प्रतिनिधी’. फळ्यावर जोडरेघ देऊनच लिहिते.