मदत हवी आहे: मैत्रिणीवर जबरदस्ती झालीय, ती दवाखान्यात यायला तयार नाही

रानजाई: लवकर उत्तर द्या प्लीज. मैत्रीण माझ्याकडे आलीय. ओळखीच्याच माणसाने जबरदस्ती केली. पोलीस नको, डॉक्टर नको, मला झोपू दे, एवढंच म्हणतेय. झोपू देऊ की ओढून नेऊ? लेक्चर नको.

सावनी_: कधी झालं? वय काय? कुठे लागलंय का? आणि त्या माणसाला तुमचं घर माहीत आहे का?

पहाटवारा: आधी पोलीस. तक्रारीला उशीर झाला की केस ढिली पडते. आमच्या नात्यात हेच झालं, म्हणून सांगतोय.

डॉ_निशिगंध: मी अपघात विभागात काम करते. आधी दवाखाना. एचआयव्ही टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी, आणि मग २८ दिवस घ्यायची. गर्भ राहू नये म्हणूनची गोळी पाच दिवसांपर्यंत देतात, पण तिचाही असर दर दिवसागणिक कमी होतो. हिपॅटायटिस बीची लसही लागू शकते. यातल्या कशासाठीही तक्रार केलेली असायची गरज नाही. ती अठराच्या वर आहे ना? लहान असेल तर बऱ्याच देशांत डॉक्टरला कळवावंच लागतं.

काळवीट: प्रत्येक मुलीने कराटे शिकायला हवं. माझ्या दोन्ही मुलींना घातलंय. पर्समध्ये मिरचीचा स्प्रेही असतो.

सावनी_: अहो, त्यांनी हे विचारलंय का? वेगळा धागा काढा ना.

रानजाई: परवा रात्री झालं. वय २६. आंघोळ केलीय तिने. कपडे मशीनमध्ये टाकत होती, ते मी काढून घेतले. त्याला माझं घर माहीत नाही. बाहेरून काही लागलेलं दिसत नाही. तपासणीची फार भीती वाटतेय तिला, ‘ती बोटांची चाचणी’ करतील म्हणते.

डॉ_निशिगंध: कपडे धुऊ नका, झटकूही नका. प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत. प्लास्टिकमध्ये ओल राहते आणि पुरावा कुजतो. आंघोळ केली म्हणजे सगळं संपलं असं नाही. योनीत दोन बोटं घालून कौमार्य बघायच्या त्या चाचणीला शास्त्रीय आधार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्येच कौमार्य चाचण्या बंद करा असं सांगितलंय. ती नाही म्हणू शकते. तपासणी मध्येच थांबवा असंही म्हणू शकते.

पहाटवारा: आणि तो मोकाट फिरतोय त्याचं काय?

डॉ_निशिगंध: तुमचा संताप कळतो मला. पण एकदा तिच्या मनाविरुद्ध झालंय, आता पुन्हा कुणी तिच्या वतीने ठरवू नये. बऱ्याच ठिकाणी पुरावे घेऊन ठेवतात, तक्रारीचं ती नंतर ठरवू शकते. कायदा देशागणिक बदलतो, तो तिथल्या वकिलाला विचारा. औषधांची मुदत मात्र सगळीकडे तीच.

मध्यमवर्गीय: वाईट वाटून घेऊ नका, पण ती ओरडली का नाही?

सावनी_: कारण शरीर गोठतं. स्टॉकहोमच्या बलात्कारपीडितांच्या तातडीच्या केंद्रात २९८ स्त्रियांना विचारलं होतं, तो अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यातल्या ७० टक्के जणींचं शरीर त्या वेळी बऱ्याच प्रमाणात गोठलं होतं. रानजाई, हा प्रश्न तिला कुणालाही विचारू देऊ नका. माझ्या बाबतीत पहिला प्रश्न हाच आला होता आणि पुढे कित्येक वर्षं मी कुणाशीच बोलले नाही.

रानजाई: ती ऐकतेय थोडं थोडं. बोलायला त्रास होतोय, रडून रडून घसा बसलाय तिचा.

डॉ_निशिगंध: थांबा. त्याने गळा दाबला होता का? विचारा. गिळताना दुखतंय का? वळ दिसत नसले तरी आत सूज येते, रक्तवाहिनीला इजा असू शकते आणि ती उशिरा कळते.

रानजाई: हो म्हणतेय. गिळताना दुखतंय.

डॉ_निशिगंध: मग आत्ता निघा, सकाळची वाट बघू नका. श्वास लागला किंवा चक्कर आली तर थेट रुग्णवाहिका. तिला म्हणा, आधी फक्त गळा दाखवू, बाकीचं तू ठरव. पोचल्यावर पहिलं वाक्य ‘गळा दाबलाय’ हेच सांगा. आणि सोबत कोण राहणार तेही तिलाच विचारा.

रानजाई: तयार झाली. निघतोय.

सावनी_: एक जोड कपडे जास्तीचे घ्या, अंगावरचे ठेवून घेतात कधी कधी. फोनचा चार्जरही घ्या. त्या माणसाचे मेसेज असतील तर एकही डिलीट करू नका.