एकाच कॉर्डलेसवर लँडलाइन आणि इंटरनेट, दोन्ही कॉल: काय बघून घ्यावं?

रातराणी:

नमस्कार मंडळी. आईबाबांसाठी फोन शोधते आहे. त्यांच्याकडे लँडलाइन आहे आणि ती ठेवायचीच आहे, सगळ्या नातेवाइकांना तोच नंबर पाठ आहे. भाऊ परदेशात असतो. तो ॲपवरून फोन करतो तेव्हा आईचा मोबाइल एकतर आतल्या खोलीत चार्जिंगला असतो, नाहीतर सायलेंटवर. वेळेत हाती लागला तरी स्क्रीनवरचं ते हिरवं गोल सरकवायचं असतं. तिची बोटं कोरडी पडलीत, स्क्रीन दादच देत नाही. तोवर कॉल कट. बटणांचा कॉर्डलेस मात्र ती अंधारातसुद्धा उचलते.

पूर्वी आमच्याकडे लँडलाइन आणि स्काइप दोन्ही चालणारा एक कॉर्डलेस होता. त्यातला स्काइपचा भाग कधीच बंद पडला, आणि मे २०२५ मध्ये तर स्काइपच बंद झालं. लँडलाइनपुरता तो अजून धडधाकट आहे. तसाच दोन्हीकडचा फोन हवाय, पण त्यासाठी संगणक चालू ठेवायला लागू नये. बाबांना कमी ऐकू येतं, तेही धरून सांगा.

तारयंत्र:

रातराणी, असे फोन मिळतात. माझी सगळी नोकरी एक्स्चेंजमध्ये गेली आणि आता ओळखीपाळखीच्या घरांत हेच फोन बसवून देतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्काइपच्या फोनचं झालं ते पुन्हा व्हायला नको असेल तर एकाच कंपनीच्या सेवेला जखडलेला फोन घेऊ नका. खोक्यावर 'एसआयपी' लिहिलंय का ते बघा. इंटरनेटवरून कॉल जोडायची ही पद्धत कोणा एकाच्या मालकीची नाही, २००२ साली आरएफसी ३२६१ या इंटरनेटच्या जाहीर नियमपत्रातून ती सगळ्यांसाठी खुली प्रसिद्ध झाली आहे. उद्या सेवा बदलली तर बेसमध्ये (तारा लागतात त्या मुख्य डब्यात) नवा सर्व्हर, नवं नाव आणि पासवर्ड भरायचा, फोन तोच राहतो. मात्र एक आधीच सांगून ठेवतो: व्हॉट्सॲपचे कॉल या फोनवर येणार नाहीत. भावाला त्याच्या मोबाइलवर एसआयपीचं ॲप टाकावं लागेल. शक्यतो दोघांची खाती एकाच सेवेत काढा, म्हणजे आपसातले कॉल बहुतेक ठिकाणी फुकट पडतात.

घेण्याआधी बेसची मागची बाजू बघा. विजेची पिन, टेलिफोनच्या बारीक तारेची खाच आणि नेटवर्कच्या रुंद तारेची खाच, अशा तिन्ही जागा हव्यात. नुसत्या नावावर जाऊ नका. गिगासेट कंपनीच्या सी५३० आयपीला लँडलाइन आणि इंटरनेट दोन्ही लागतं. त्यांच्याच एन५१० आयपीला लँडलाइनची तार लावायला जागाच नाही. दोघांच्या नावात 'आयपी' आहे, त्यामुळे माणूस हमखास गोंधळतो.

संगणकाची काळजी नको. बेस थेट राउटरला लागतो. हँडसेट आणि बेसमधलं बोलणं डेक्टवर, म्हणजे कॉर्डलेस फोनांच्या रेडिओ-पद्धतीवर चालतं, हँडसेटला इंटरनेटशी काही देणंघेणं नसतं. युरोपात आणि इतर बऱ्याच देशांत डेक्ट १८८० ते १९०० मेगाहर्ट्झमध्ये असतं, म्हणजे वायफायपासून लांब. अमेरिकेत मात्र ते १९२० ते १९३० मध्ये असतं आणि तिथल्या खोक्यावर 'डेक्ट ६.०' लिहिलेलं असतं. तेव्हा भावाला 'येताना घेऊन ये' सांगणार असाल तर आधी तुमच्याकडे कोणता पट्टा चालतो ते बघा. तिकडचा फोन इकडे वापरणं बेकायदा ठरू शकतं, शिवाय इथल्या हँडसेटशी तो जुळतही नाही. बाहेरून आणलेल्या फोनचा आणखी एक त्रास म्हणजे लँडलाइनवर कॉल करणाऱ्याचा नंबर दिसेलच असं नाही, कारण तो पाठवायची रीत देशागणिक वेगळी असते.

आता मला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट. येणाऱ्या कॉलचा प्रश्न नसतो, कुठूनही आला तरी तोच हँडसेट वाजतो. जाणाऱ्या कॉलचं आधी ठरवावं लागतं. आईने हिरवं बटण दाबलं की फोन कोणत्या लाइनवरून जाणार? बरेच जण पैसे वाचतील म्हणून इंटरनेट ठेवतात. मी प्रत्येक घरात लँडलाइन ठेवतो, आणि इंटरनेटवरून जायचे तेवढेच नंबर बेसच्या डायलिंगच्या नियमांत घालतो. भावाचा नंबर त्या नियमात टाका. आईने नेहमीसारखं नाव निवडून हिरवं दाबायचं, कोणती लाइन वगैरे तिला कळायचीही गरज नाही. म्हाताऱ्या माणसाला 'आधी हे दाब, मग ते दाब' शिकवायला लागलं, की तो फोन कोपऱ्यात पडून राहतो. हे मी फार वेळा पाहिलं आहे आणि दर वेळी जिवाला लागतं.

रुग्णवाहिका, पोलीस, अग्निशमन हे नंबर कुठल्याही परिस्थितीत लँडलाइनवरूनच जाऊ द्या. तांब्याची तार कोणत्या घरात जाते हे एक्स्चेंजला ठाऊक असतं. इंटरनेटचं खातं जगात कुठूनही चालू शकतं, त्यामुळे पलीकडच्या माणसाला तुमचं घर कळेलच असं नाही.

आणि वीज. साध्या तारेच्या फोनला लागणारा ४८ व्होल्टचा पुरवठा एक्स्चेंजमधून येतो, तिथे बॅटऱ्यांची खोलीच असते, म्हणून घरातली वीज गेली तरी तो चालतो. कॉर्डलेसचा बेस घरच्या विजेवर असतो. वीज गेली की हँडसेटची बॅटरी भरलेली असूनही फोन मुका. त्याच लाइनवर एक साधा तारेचा फोन पलंगाजवळ लावून ठेवा. लाइनवर ब्रॉडबँडही असेल तर प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर हवा, नाहीतर खरखर ऐकू येते आणि नेटही अडखळतं.

शून्यप्रहर:

तारयंत्र यांना अनुमोदन, पण ४८ व्होल्टवाली गोष्ट तांब्याच्या तारेलाच लागू आहे. घरात फायबर आलं असेल आणि 'लँडलाइन' राउटरच्या मागून निघत असेल, तर ती लाइनही इंटरनेटवरचीच आहे. वीज गेली की दोन्ही बंद. ब्रिटनमध्ये जुनं जाळं जानेवारी २०२७पर्यंत पूर्ण बंद करायचं ठरलंय, इतरत्रही तीच दिशा आहे. तेव्हा आधी तार कुठून येते ते बघा.

दुसरं, नवा फोन कशाला? साधा फोन इंटरनेटला जोडणारा अडॅप्टर घ्या, त्याला आहे तोच कॉर्डलेस लावा, झालं.

तारयंत्र:

शून्यप्रहर, फायबरचा मुद्दा बरोबर आहे. तशा घरी राउटर, फायबरचा डबा आणि फोनचा बेस असे तिन्ही एकाच छोट्या यूपीएसवर ठेवावेत. तिघांना मिळून वीज फार लागत नाही.

अडॅप्टरचं पटत नाही. साध्या अडॅप्टरला फोन लावला की तो फोन इंटरनेटचा झाला, लँडलाइन सुटली. लँडलाइन आत घेणारे अडॅप्टरही असतात, पण मग कोणत्या लाइनवरून जायचं ते बहुधा आधी एखादा आकडा दाबून सांगावं लागतं. म्हणजे पुन्हा आईला शिकवणं आलं.

रातराणी:

दोघांचेही मनापासून आभार. तार तांब्याचीच आहे, खात्री करून घेतली. तिन्ही खाचांचा फोन आणला, लँडलाइन लगेच लागली. भावाचं आणि आमचं खातं एकाच सेवेत काढलं. पण इंटरनेटच्या कॉलने जीव नकोसा केलाय. भावाचा फोन येतो, आई उचलते, त्याला तिचं ऐकू येतं पण तिला त्याचं काहीच नाही. आणि अर्ध्या मिनिटाने कॉल आपोआप तुटतो. दर वेळी तेवढ्यानेच! कधीकधी तर तो फोन लावतो आणि इकडे वाजतच नाही. फोन सदोष असेल का? परत करायची मुदत संपत आलीय.

तारयंत्र:

परत करू नका! हा फोनचा दोष नाही, राउटरचा आहे. घड्याळ लावून बघा, कॉल ३२ सेकंदांच्या आसपास तुटत असेल. त्या आकड्यामागे कारण आहे.

आईने उचललं की बेस पलीकडे 'उचलला' असा निरोप पाठवतो आणि 'मिळाला' या पोचीची वाट बघतो. पोच आली नाही तर निरोप पुन्हा पाठवतो, पुन्हा पाठवतो. पहिली वाट अर्ध्या सेकंदाची असते, आणि त्याच्या ६४ पटीपर्यंत पोच आली नाही तर कॉल सोडून द्यायचा, असं त्या आरएफसीतच लिहिलं आहे. अर्ध्या सेकंदाच्या ६४ पट म्हणजे ३२ सेकंद. तुमच्याकडे पोच येत नाहीये, कारण बेसने परतीचा पत्ता म्हणून घरातला पत्ता दिलाय, १९२.१६८ने सुरू होणारा. घराबाहेर त्या पत्त्याला काही अर्थ नाही. आवाज कोणत्या पत्त्यावर पाठवायचा तेही अशाच निरोपातून ठरतं, त्यामुळे एकाच बाजूचं ऐकू येणं हाही त्याच दुखण्याचा भाग.

राउटरमध्ये शिरून 'एसआयपी एएलजी' नावाची सोय शोधा आणि बंद करा. मदत करायला म्हणून ती ठेवलेली असते, पण निरोपातले पत्ते अर्धवट बदलून सगळं बिघडवते. मग ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या बेसच्या सेटिंगच्या पानावर 'स्टन' चालू करा आणि तुमच्या सेवेने दिलेला स्टन सर्व्हर भरा. त्यामुळे बेसला स्वतःचा बाहेरचा पत्ता कळतो. सेवा स्वतःच हे सांभाळत असेल तर तिच्या मदतपानावर 'स्टन नको' असं लिहिलेलं असतं, तिथे त्यांचंच ऐका.

फोन न वाजण्याचं कारण असं की थोडा वेळ काही हालचाल नसली की राउटर बाहेरून आत यायची वाट बंद करतो. बेसमध्ये नोंदणी ताजी करण्याची वेळ असते, ती कमी करा, किंवा 'कीप अलाइव्ह' (वाट उघडी राहावी म्हणून ठरावीक वेळाने पाठवायचा निरोप) असेल तर त्याची वेळ अर्ध्या मिनिटाहून थोडी कमी ठेवा.

एक मात्र करू नका: कोणी सांगितलं म्हणून राउटरमध्ये बेससाठी ५०६० पोर्ट, म्हणजे एसआयपीचे निरोप येण्याची वाट, बाहेरच्यांना उघडून देऊ नका. पुढे कोणीतरी यावर लिहीलच.

अनवाणी:

मीच लिहितो. उघडा ५०६० शोधत फिरणारे प्रोग्रॅम रात्रंदिवस चालू असतात. खात्याचा पासवर्ड सोपा असेल तर तुमच्या खात्यावरून महागडे परदेशी कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. पासवर्ड लांब ठेवा. बेसच्या पानाचा पिन कारखान्यातून बहुधा ०००० असा येतो, तो पहिल्याच दिवशी बदला. सेवेच्या खात्यात खर्चाची मर्यादा घालता येत असेल तर घाला.

बाबांच्या ऐकण्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. लँडलाइनवर आवाजाचा ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग जातो. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारा बराचसा भाग त्याच्या वर असतो, म्हणून कमी ऐकू येणाऱ्याला 'सोड' म्हटलं की 'फोड' हे कळत नाही. इंटरनेटच्या लाइनवर जी.७२२ हा कोडेक (आवाज आकड्यांत बदलून पाठवायची रीत) लागला तर ७००० हर्ट्झपर्यंत आवाज जातो. बेसच्या यादीत जी.७२२ सगळ्यात वर ठेवा आणि भावाच्या ॲपमध्येही चालू करा. हँडसेटलाही रुंद आवाज यायला हवा, खोक्यावर 'एचडी' किंवा 'कॅट-आयक्यू' लिहिलेलं असतं. माझ्या सासऱ्यांना आवाज मोठा करून जे साधलं नव्हतं ते याने साधलं, नातीचं बोलणं ते आता 'काय? काय?' न करता ऐकतात. ऐकण्याचं यंत्र वापरत असतील तर त्याच्याशी जुळणारा हँडसेट बघा, नाहीतर कानाशी धरल्यावर शिट्टी येते.

रातराणी:

तारयंत्रकाका, ३२ सेकंदच होते! घड्याळ लावून बघितलं. ती एएलजी बंद केली, स्टन भरला, आणि काल आई भावाशी तासभर बोलली. मध्येच 'हा घरच्या फोनवर कसा काय आला?' असं तिने मला दोनदा विचारलं. जी.७२२ लावलंय, बाबांनी स्वतःहून फोन मागून घेतला. अनवाणी, पिन बदलला.

आता शेवटची शंका. जुन्या स्काइपवाल्या फोनचा हँडसेट चांगला आहे, आईच्या हाताला त्याची सवय आहे. तो नव्या बेसला जोडता येईल का?

तारयंत्र:

डेक्टच्या हँडसेटवर 'गॅप' (वेगवेगळ्या कंपन्यांचे हँडसेट आणि बेस जुळावेत म्हणून ठरलेली पद्धत) लिहिलेलं असेल तर बहुधा जोडता येईल. बेसवरचं नोंदणीचं बटण काही सेकंद दाबून धरा, हँडसेटच्या मेन्यूत नोंदणी निवडा, पिन विचारला तर बेसचा नवा पिन द्या. फोन घेणं, करणं, रिंग वाजणं एवढं चालेल. बेसमधली नावांची यादी आणि एचडी आवाज मिळेलच असं नाही, त्यामुळे तो आईकडे ठेवा आणि नवा बाबांकडे. भावाचा नंबर जुन्या हँडसेटच्या स्वतःच्या यादीत वेगळा भरावा लागेल. कोणती लाइन ते बेसच ठरवतो, त्यामुळे डायलिंगचा नियम त्यालाही लागू होईल. बॅटऱ्या जुन्या झाल्या असतील तर निकेल-मेटल हायड्राइडच्या, चार्ज होणाऱ्याच घाला. रिमोटमधल्या साध्या बॅटऱ्या घालून हँडसेट चार्जरवर ठेवला तर त्या फुगून गळतात.