वॉरंटी संपल्यावर इंजिन बसलं, कंपनीकडून भरपाई मिळेल का?

नाशिककर: डिझेल गाडी, ६८ हजार किमी, सगळी सर्व्हिसिंग कंपनीच्याच वर्कशॉपला आणि परवा कसारा घाटात ऑइलचा लाल दिवा लागला न लागला तोच इंजिन जाम. आता म्हणतात वॉरंटी संपली, पावणेदोन लाख भरा. एवढ्यात इंजिन बसतंच कसं? फार चीड आलीय.

गॅरेजवाला: इंजिन खोलायला लगेच सही देऊ नका. खोलताना स्वतः हजर रहा, बेअरिंग, ऑइल पंपाचे फोटो काढा, कारण लेखी घ्या. जुने पार्ट भंगारात गेले की पुरावाच गेला!!

ठाणेकर ताई: आधी हेड ऑफिसला मेल टाका, सर्व्हिस हिस्ट्री जोडून, गुडविलमध्ये (वॉरंटी संपल्यावरही कंपनी स्वखुशीने उचलते तो खर्चाचा वाटा) किती देता विचारा आणि पहिल्याच आकड्याला हो म्हणू नका. मग १९१५ या नंबरवर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तरी नाही ऐकलं तर जिल्हा ग्राहक आयोग, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, वकील लागतोच असं नाही, मुदत २ वर्षं. गाडी ५ ते १० लाखांची असेल तर फी फक्त २०० रु. आयोग पार्ट लॅबला तपासायलाही पाठवू शकतं.

नाशिककर: गाडी अजून खोललेली नाही, उद्या सकाळीच वर्कशॉपला जातो. ताई, मेलचा मसुदा इथेच टाकतो, बघाल का?