मदत हवी आहे: केळीच्या भावावर एक्सेलमध्ये रिग्रेशन

नमस्कार मंडळी. रावेरला आमचा केळीचा व्यापार आहे, हिशेब मी बघतो. बीकॉमला स्टॅटिस्टिक्स होतं, पण ते सूत्रं पाठ करून पास होण्यापुरतं. आता तेच धंद्यात वापरायला शिकतोय.

रोजचा नवतीचा (नव्या लागवडीच्या केळीचा) भाव, पिलबागेचा (जुन्या झाडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीचा) भाव, आवक आणि शेजारच्या बऱ्हाणपूर बाजाराचा भाव असे चार कॉलम आहेत. एक्सेलचं डेटा अ‍ॅनालिसिस टूलपॅक ऑप्शन्समधल्या अ‍ॅड-इन्समधून चालू केलं आणि नवतीच्या भावावर रिग्रेशन लावलं, म्हणजे बाकीच्या कॉलमवरून तो भाव कसा ठरतो याचं समीकरण काढलं. आर स्क्वेअर (भावातला किती चढउतार समीकरणात बसतो ते) भरपूर येतो, पण आवकेचा पी-व्हॅल्यू ०.०५ च्या वर जातो, म्हणजे तिचा परिणाम नुसता योगायोगही असू शकतो. बऱ्हाणपूरचा कॉलम काढला की आवक लगेच महत्त्वाची ठरते! दोन्ही बाजारांचे भाव हातात हात घालून चालतात, म्हणून असं होतं का? मग कोणता कॉलम ठेवायचा?

दुसरं, आजचा भाव कालच्या भावाला धरूनच असतो. रेसिड्युअलचा (खरा भाव आणि समीकरणाचा भाव यांतल्या फरकाचा) आलेख काढला तर ठिपके विखुरलेले नाहीत, लाट दिसते. अशा वेळी पी-व्हॅल्यूवर विश्वास ठेवावा की भावाऐवजी रोजचा फरक घेऊन बघावं? श्रावणातल्या उपवासांची मागणी ०-१ चा वेगळा कॉलम करून धरली तर चालेल ना?

‘पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा) शिक’ हा सल्ला मिळालाय, पण आमच्या गादीवर एक्सेलच चालणार. केळी नाही तर कापूस, कुठल्याही मालावर कुणी हे केलं असेल तर सांगा. मराठीतून समजावणारे व्हिडिओ असतील तर फारच बरं.