‘दुःखभाग्भवेत्’ कसं तोडायचं? आणि नुसतं ‘आमय’ म्हणजे काय?

आमच्या सोसायटीतल्या योगा क्लासला शेवटी ‘सर्वे भवन्तु सुखिनः, सर्वे सन्तु निरामयाः, सर्वे भद्राणि पश्यन्तु, मा कश्चिद्दुःखभाग्भवेत्’ म्हणतात आणि आमच्या घरी आरतीनंतर लहानपणापासून सुरुवात ‘सर्वेऽपि सुखिनः सन्तु’. काल सवयीनं घरचं तोंडातून निघालं तर शेजारच्या काकू म्हणे चुकलीस. खरं कुठलं? शिवाय क्लासच्या प्रिंटआउटवर ‘दुःख भाग भवेत’ असं तोडून छापलंय आणि खाली अर्थ ‘कोणी दुःखाचा भाग बनू नये’, हे काय मराठी झालं का! निरामय माहितीये, पण सुटं आमय कधी ऐकलं नाही.

— दोन्ही बरोबर गं. भवन्तु भू धातूचं, सन्तु अस् चं, अर्थ होवोत नि असोत. अनुष्टुभ छंद आहे, चरणात 8 अक्षरं, बोटांवर मोज, दोन्हीकडे 8च भरतात. आमची आजी शेवट ‘मा कश्चिद्दुःखमाप्नुयात्’ असा करायची, तोही बसतो.

— भाग नाही ताई, भाक्. मूळ शब्द दुःखभाज्, म्हणजे ज्याच्या वाट्याला दुःख आलंय तो. पुढं भ आला म्हणून क् चा ग् झाला, वाक् चं वाग्देवीत होतं तसं. भज् म्हणजे वाटणं, त्यातूनच भाग, भाग्य, विभाजन, भक्तीसुद्धा त्यातलीच, म्हणून मराठीत सरळ ‘कुणाच्याही वाट्याला दुःख न येवो’, आपल्याकडे वाट्याला येणं आहेच की, ते सोडून दुःखाचा भाग कशाला बनायचं. आमय म्हणजे रोग. अमरकोशात, म्हणजे जुन्या संस्कृत शब्दकोशात, ‘रोगव्याधिगदामयाः’ अशी ओळच आहे, आणि गंमत म्हणजे वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात रोगाचे पर्यायी शब्द दिलेत त्यात आमयच्या शेजारी चक्क ‘दुःख’ आहे! म्हणजे वैद्याच्या कानानं ऐकलं तर निरामय झालात की शेवटचा चरण निम्मा तिथंच आला, अर्थात हे आपलं माझं.

— हा श्लोक बृहदारण्यक उपनिषदातला (1.4.14) म्हणून फॉरवर्ड फिरतो त्यावर जाऊ नका प्लीज. तिथं हा श्लोक नाहीये, तिथं धर्माच्या जोरावर दुबळाही बलवानाला पुरून उरतो असा उतारा आहे.

— आमच्या क्लासला ‘लोकाः समस्ताः सुखिनो भवन्तु’ असतं, तेच का हे?

— नाही, तो ‘स्वस्ति प्रजाभ्यः’ या श्लोकाचा चौथा चरण, 11 अक्षरी. त्यात आधी राजांनी न्यायानं राज्य करावं असं मागितलंय, ते क्लासवाले गाळतात.

— थँक्यू सगळ्यांना, प्रिंटआउट मीच नीट टाइप करून देते आता. फक्त ‘भद्राणि पश्यन्तु’चं काय करू? ‘चांगलं पाहोत’ म्हटलं की सगळे टीव्हीसमोर बसल्यासारखे वाटतात.

— ‘सगळ्यांना बरे दिवस बघायला मिळोत.’ आणि काकूंना पहिली कॉपी.